खांडीवर माणसं मोजत नाहीत

आषाढातल्या अमावस्येच्या उधाणाने कोपरखारचा बांध फुटला, तेव्हा सगळ्यांच्या आधी तिथे रामजी पोचला. सत्तरीला टेकलेला माणूस, पण पावसाळ्यातल्या उधाणाला त्याला झोप कधी लागायचीच नाही. उजाडता उजाडता तो बांधावर चढला आणि बघतो तर बारा हात रुंद खिंडार पडलेलं. खाडीकाठच्या या खारेपाटात याला खांड म्हणतात. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भात, मध्ये चिखलाची भिंत काय ती. रात्रीची भरती आत शिरून गेली होती. दुपारची दुसरी भरती यायच्या आत खांड बुजली नाही, तर खारं पाणी साऱ्या शेतात उभं राहणार, आणि मग तीन वर्षं त्या जमिनीत रोप धरणार नाही.

रामजी धावत घरी आला. अंगणात त्याचा मुलगा विनेश नुकताच गाडीवरून उतरत होता. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला होता तो, रात्रपाळी करून आलेला. डोक्यातलं हेल्मेटही काढलं नव्हतं.

"खांड लागलीय," रामजी म्हणाला. "चल."

"बाबा, चहा तरी घेऊ दे."

"चहा घे, बिस्कूट घे, गादी घालून झोप. मी सांगतो समुद्राला थांबायला. नायतर बायकोच्या पदराखालीच बस."

विनेश हसला नाही. रामजीने मागे वळून पाहिलंही नाही, घमेलं उचललं आणि निघाला. पुढे कितीही वेळा कुणी विचारलं तरी रामजीला एवढंच शपथेवर सांगता आलं. मुलगा अंगणात उभा होता, डोक्यात हेल्मेट होतं. त्याच्यापुढचं सगळं चिखलात गेलं.

खांड बुजवायची रीत जुनी आहे. यंत्र बांधावर चढत नाही, चढलं तर रुततं. म्हणून आधी खुंटांच्या दोन रांगा ठोकायच्या, मधल्या जागेत फांट्या आणि पेंढा भरायचा. चारसहा जण आत उतरून तो पायांनी दाबतात. वर, दोन्ही बाजूंना, माणसांच्या लांब रांगा लागतात आणि खाडीतून काढलेले चिखलाचे गोळे हातोहात पुढे येतात. खांडीच्या तोंडाशी म्होरक्या उभा राहतो. त्याने "वर!" म्हटलं की आतले चढून येतात. त्याने "टाका!" म्हटलं की दोन्हीकडून चिखल कोसळतो, आणि मग कुणी थांबत नाही. गेली तीस वर्षं कोपरखारचा म्होरक्या रामजी होता.

मोबाईल आणि गाडीच्या चाव्या चिखलात जाऊ नयेत म्हणून सगळे गावातल्या अनंताच्या पिशवीत टाकायचे. अनंताचा एक गुडघा गेलेला. तो करंजाच्या झाडाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या द्यायचा.

आठच्या सुमाराला विनेशची बायको प्रणाली चहाचं विचारायला बांधावर आली.

"बाबा, किती जण आहात? किती कप टाकू?"

रामजी तिच्यावर खेकसला. "खांडीवर माणसं मोजत नाहीत. किती वेळा सांगायचं तुला? पातेलं भरून आण."

मोजलं की एक कमी होतो, असं त्याच्या बापाने त्याला सांगितलं होतं. प्रणाली बारावी शिकलेली, पण तिने वाद घातला नाही. पातेलं भरून आणलं. कुणी प्यायलं, कुणी नाही. पाणी भरतीकडे फिरलं होतं, घाई होती. दहाच्या आसपास रामजी "वर!" म्हणाला. मग "टाका!" म्हणाला. अकराला खांड बुजली, बाराला भरतीचं पाणी नव्या चिखलाला टेकून उभं राहिलं आणि बांधाने ते धरलं. लोकांनी रामजीच्या पाठीवर थापा मारल्या.

संध्याकाळी प्रणालीने विचारलं, "बाबा, हे कुठे आहेत?"

"आला नाय घरी? माझ्याबरोबर नव्हता तो."

"तुमच्या मागोमागच तर निघाले. गाडी घेऊन गेले. रस्त्यावरच्या मोरीपाशी लावून चालत जातो म्हणाले."

"मग असेल कमलेशकडे."

कमलेश हा रामजीचा पुतण्या, ट्रेलर चालवायचा. विनेश तिथे नव्हता. मोरीपाशी गाडीही नव्हती. प्रणाली म्हणाली की दुपारी बाराला तिने फोन केला होता. पूर्ण वाजला, मग दुसऱ्यांदा वाजता वाजता कुणीतरी कापला. त्यानंतर बंद.

पोलीस चौकीतला हवालदार बरा माणूस होता. त्याने तक्रार लिहून घेतली, गावात दोनदा येऊन गेला, रांगेतल्या माणसांना एकेक करून विचारलं. पण रांगेत कोण कोण होतं हेच कुणाला माहीत नव्हतं. एक म्हणाला, विनेश माझ्या पुढे होता. दुसरा म्हणाला, पुढे मी होतो, विनेश कुठला? तिसऱ्याला पिवळा टी-शर्ट आठवत होता. पिवळे टी-शर्ट त्या दिवशी चौघांनी घातले होते, क्रिकेटच्या संघाचे.

"किती माणसं होती एकूण?" हवालदाराने विचारलं.

रामजीने नखाखालचा चिखल काढायला घेतला.

"अंदाजे सांगा की आजोबा. पन्नास? ऐंशी?"

"मोजली नाहीत."

अकराव्या दिवशी गाडी सापडली. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर, ट्रेलर उभे राहतात त्या मैदानाच्या कडेला, हँडल लॉक केलेली. हवालदाराने सुस्कारा सोडला. "मोठा माणूस आहे, स्वतःच्या पायांनी गेलाय. घरात काही भांडण?"

प्रणालीने मान खाली घातली. खांड लागली त्याच्या आदल्या दिवशी भांडण झालं होतं. उरणला खोली घ्यायची का, यावरून. पण गाडी सापडली त्या दिवसापासून ती सावरली. सकाळी उठायची, कपाळाला टिकली लावायची, फोन चार्ज करून उशाशी ठेवायची. रागावून गेलेला माणूस राग गेला की परत येतो. गाडीने तिला जगायला एक जागा दिली होती.

रामजीला मात्र गाडीने काही दिलं नाही. तो पहिल्यापासूनच रोज बांधावर जायचा, खणून बघावं का असं बोलून दाखवायचा. नवा चिखल वाळून जुन्यासारखा दिसायला लागला होता, पण बारा हातांचा तो तुकडा त्याला डोळे मिटूनही दाखवता आला असता. मध्ये एका जागी बांध चारेक बोटं खचला होता. नवा चिखल खचतोच, त्यात नवल नाही. तो स्वतःला तसं सांगायचा आणि मग त्या खचलेल्या जागेकडे तासभर बघत बसायचा.

त्याला ती सकाळ आठवून बघायची होती. "वर!" म्हणाला तेव्हा कोण कोण चढलं? डोळ्यांपुढे यायची एक पाठ, ओली, खुंटाला धरून वाकलेली. ती विनेशची पाठ होती हे नक्की. पण त्या पाठीला सदरा नव्हता, आणि विनेश तर टी-शर्ट घालून आला असं लोक म्हणत होते. मग त्याला आठवायचं की सहा वर्षांपूर्वीही खांड लागली होती, तेव्हा विनेश उघड्या अंगाने आत उतरला होता. ही पाठ तेव्हाची की आताची? जितकं जास्त आठवावं तितक्या दोन्ही सकाळी एकमेकींत मिसळत गेल्या. शेवटी शेवटी त्याला त्या पाठीवर पिवळा रंगही दिसायला लागला. तो खरा होता की त्यानेच लावला होता, ते सांगणारं कुणी नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट. "वर!" आणि "टाका!" यांच्यामध्ये तो किती थांबला होता? नेहमी तो एक दम घ्यायचा. त्या दिवशी पाणी खुंटांना लागलं होतं. दम घेतला होता का?

श्रावणात एका दुपारी तो पहार घेऊन गेला. खचलेल्या जागी पहार रोवली आणि अंगाचा भार टाकला. हातभर गेली, दोन हात गेली, मग खाली काहीतरी मऊ लागलं. पेंढा असणार. पेंढाच तर भरला होता. त्याने पहार वर ओढली, टोक नाकाशी नेलं. चिखलाचा वास. खाडीच्या चिखलाला तसाही कुजका वास असतो. तो पुन्हा रोवणार तोच मागून कुणीतरी पहार धरली.

कमलेश होता. तोंड पांढरंफटक.

"काका, काय करतोस? उधाण चार दिवसांवर आलंय. भोक पाडलंस तर पाणी वाट काढील ना तिथून."

"सोड."

"काका, तो गेलाय. गाडी सापडली ना त्याची?"

"गाडी कुणी ठेवली तिथे?"

रामजीने हे काही ठरवून विचारलं नव्हतं. पण कमलेशचा हात पहारीवरून सुटला. तो बांधावर उकिडवा बसला.

"मी ठेवली," तो म्हणाला.

रामजीने पहार खाली ठेवली.

"त्या दिवशी सगळे घरी गेले. अनंता बोलला, पिशवीत एक फोन आणि एक चावी उरलीय, कुणाची ती बघ. मी बघितलं तर विनेशची. मला वाटलं, विसरला. घरी नेऊन देऊ बोललो. तेवढ्यात वहिनीचा फोन आला. मी उचलणार व्हतो, काका. खरंच उचलणार व्हतो. मग माझ्या डोक्यात आलं की तो घरी न्हाय म्हणून तर ती फोन करते. घरी न्हाय, आणि फोन इथं, चावी इथं. मग तो कुठं हाय?" कमलेशने हाताच्या तळव्याने तोंड पुसलं. "भरती लागली व्हती तेव्हा. बांधाला टेकून पाणी व्हतं. तेव्हा बोललो असतो तर तू तिथंच बांध फोडला असतास."

"तेव्हा फोडला असता तर..." रामजी म्हणाला.

"दोन तास झाले व्हते, काका. काय उरलं असतं?"

"तू बघितलंस त्याला आत?"

"उतरताना बघितला. पेंढा दाबायला. तू 'वर' बोललास तेव्हा तो पलीकडून चढला असंल असं मला वाटलं. पलीकडच्यांना वाटलं अलीकडून चढला. मग तू 'टाका' बोललास." मग कमलेश हळूच म्हणाला, "तू थांबला न्हाईस, काका. नेहमी थांबतोस."

रामजी खाली बसला. कमलेश जवळ सरकला. "गाडी मी त्याच दुपारी मोरीपासून हलवून दडवली, दहा दिवसांनी तिकडं नेऊन ठेवली. तू इथं रोज यायला लागलास, बांध खणायच्या गोष्टी करायला लागलास, म्हणून. वाटलं, गाडी तिकडं दिसली की तू थांबशील. गावाचं वरीस वाचंल. वहिनीला पण बरं वाटंल."

"फोन?"

"खाडीत."

मग कमलेशने रामजीचे दोन्ही हात धरले. "हे मी तुला बोललो, काका. दुसऱ्या कुणाला बोललो न्हाय आणि बोलणार न्हाय."

रामजी दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत गेला. तिथल्या बाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली, अर्ज लिहून घेतला, शिक्का मारून पोच दिली. मग समजावून सांगितलं, बांध गावाचा आहे, तो खणायचा तर आधी गावाचा ठराव लागेल. हवालदारही तेच म्हणाला, आणि वर म्हणाला की पुतण्याने जबाब दिला तर गोष्ट वेगळी.

गावदेवीच्या देवळापुढे संध्याकाळी गाव जमलं. रामजीने सगळं सांगितलं, कमलेशचं नाव घेऊन सांगितलं. बोलताना त्याचा आवाज चढला नाही. तो म्होरक्या असताना त्याच्या एका शब्दावर हीच माणसं कमरेएवढ्या चिखलात उतरायची, आता त्याच्याकडे बघायलाही कुणी तयार नव्हतं.

"काका, मी असं कधी बोललो?" कमलेश म्हणाला. तो रडत होता. रडत होता आणि नाही म्हणत होता. "विनेश माझा भाऊ हाय. मी असं का करीन?"

"अनंता," रामजी म्हणाला, "तू सांग. पिशवीत काय उरलं होतं?"

अनंताने गुडघा चोळला. एरवी या माणसाच्या तोंडाला खीळ नसायची. "पिशवी रिकामी व्हती," तो म्हणाला. "ज्याचं त्याने नेलं."

"माझ्याकडे बघून सांग."

"रामजी, मला छळू नकोस रे. चार खंडी भात हाय माझं त्या बांधाखाली."

देवळाच्या पायरीवर सोनूबाई बसली होती, गावातली सगळ्यांत वयस्क बाई. तिने हात वर केला तसे सगळे गप्प झाले. "भाऊ, भात पोटरीत येतंय. आता बांध कापला तर सगळ्यांच्या पोटावर पाय. दिवाळीनंतर कापणी होऊ दे. मग गावच येईल खणायला. मी येईन."

"आणि दिवाळीनंतर काय सापडणार गं, सोनूबाय?"

खाऱ्या चिखलात दिवाळीपर्यंत काय राहतं आणि काय राहत नाही, ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तेव्हा रामजीला कळलं की इथे फसवलं गेलेलं कुणीच नाही. त्यांना सगळं माहीत आहे, पहिल्या दिवसापासून असेल. कुणी एकाने ते दडवलेलं नव्हतं, साऱ्या रांगेने मिळून दडवलं होतं, थोडं थोडं, हातोहात. आणि रांगेच्या तोंडाशी तो स्वतः उभा होता.

घरी आल्यावर प्रणालीने ताट वाढलं. सभेतलं तिच्या कानावर आलं होतं.

"पोरी, तुला सांगायला पाहिजे."

"बाबा, तुम्ही स्वतः पाहिलंत का त्यांना आत?"

रामजीच्या डोळ्यांपुढे ती पाठ आली. "न्हाय सांगता येत."

"मग मला काही सांगू नका." तिने त्याच्या ताटात आमटी घातली, शांतपणे, एक थेंब न सांडता. "जेवा. भात निवतोय."

भाद्रपदातल्या पौर्णिमेचं उधाण मोठं असतं. त्या दिवशी रामजी सकाळपासूनच बांधावर बसून होता. साडेअकराला पाणी बांधाच्या माथ्याजवळ आलं. आणि मग त्याला दिसलं की आतल्या अंगाला, बांधाच्या पायथ्याशी, खचलेल्या जागेच्या बरोबर खाली, करंगळीएवढी धार लागली आहे.

खेकड्याचं बीळ असेल, किंवा त्याच्याच पहारीचं भोक. धार स्वच्छ होती. स्वच्छ धारेची भीती नसते. तो पाहत राहिला. थोड्या वेळाने धार गढूळ झाली. म्हणजे पाणी आतून चिखल घेऊन येत होतं. आता हाक मारायची वेळ होती. तीस वर्षांत एवढी धार बघून तो कधी क्षणभरही गप्प बसला नव्हता.

तो गप्प बसला. त्याला काही करायचं नव्हतं. कुणाचा ठराव नको होता, कुणाची परवानगी नको होती. समुद्र आपला आपण बांध उघडत होता. त्याने फक्त बसून राहायचं. धार मनगटाएवढी झाली, मग दंडाएवढी. तिच्यातून पेंढा यायला लागला, काळा पडलेला, त्यांनीच भरलेला. रामजी गुडघ्यांवर वाकून येणारी प्रत्येक काडी बघत होता. एक फांटी आली. चिंधीसारखं काहीतरी आलं, त्याने झडप घालून धरलं. गोणपाटाचा तुकडा होता.

"बाबा!"

प्रणाली शेताच्या मेरेवर उभी होती, डोक्यावर गवताचा भारा. तिने धार पाहिली, सासऱ्याच्या हातातला तुकडा पाहिला, त्याचं तोंड पाहिलं. भाताची लोंबी तिच्या कमरेला लागत होती.

"राहू दे पोरी," रामजी म्हणाला. "उघडतंय आपोआप. आता थोडंच राहिलंय."

ती धावत आली. रामजीला वाटलं, तीही वाकून बघेल. पण तिने भारा सोडला, गवताचा मोठा पुंजका दोन्ही हातांनी गोळा केला आणि त्या भोकात कोंबला. पाण्याने तो बाहेर फेकला. तिने पुन्हा कोंबला आणि पाठ लावून त्यावर बसली.

"प्रणाली, तो आत हाय. सोड."

"नाही, बाबा."

"मला बघू दे गं. एकदा बघू दे."

"नाही!" ती किंचाळली, आणि मग गावाकडे तोंड करून त्याहून मोठ्याने ओरडली, "खांड! खांड लागली! धावा!"

रामजीने तिचा दंड धरून ओढलं. ती हलली नाही. त्याच्या हातात आता तेवढी ताकद नव्हती, आणि असती तरी त्याने लावली असती की नाही, हे त्यालाही कळलं नसतं. तिच्या पाठीमागून पाणी दोन्ही अंगांनी झिरपत होतं, आणि ती दात आवळून, डोळे मिटून बसली होती.

माणसं मेरांवरून धावत आली. सगळ्यांत पुढे कमलेश. कुणी फावडी आणली, कुणी पेंढ्या. कुणी कुणाला काही विचारलं नाही. खालच्या अंगाला चिखल खणायला सुरुवात झाली आणि रांग आपोआप लागली, जशी नेहमी लागते. सगळ्यांनी एकदा रामजीकडे पाहिलं. तो म्होरक्याच्या जागी गेला नाही, रांगेत जिथे होता तिथेच राहिला. मग कमलेश त्या जागी जाऊन उभा राहिला आणि त्याने काय करायचं ते सांगायला सुरुवात केली. प्रणालीला दोन बायकांनी उठवलं. ती उठली ती रांगेतच येऊन उभी राहिली, रामजीच्या उजव्या हाताला, भिजलेली.

पहिला गोळा तिच्याकडे आला. तिने तो रामजीपुढे धरला. थंड, जड, हातातून निसटणारा. रामजीने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. पलीकडचा माणूस हात पसरून थांबला होता.

रामजीने गोळा घेतला आणि त्याच्या हातात दिला. मागून दुसरा आला.